तटस्थ साक्षीदार

अर्ज मंगळवारी सकाळी माझ्या टेबलावर आला आणि त्यावरचे अक्षर मी आधी ओळखले, नाव नंतर. 'घटनेचे सविस्तर वर्णन' या चौकटीत ते मावले नव्हते. चौकट ओलांडून समासात, समासातून मागच्या पानावर आणि तिथून जोडलेल्या तीन कोऱ्या कागदांवर ते चालत गेले होते, प्रत्येक उभी रेघ शेवटी दाबलेली. अर्जदार : युन मालसुन. वय सहासष्ट. व्यवसाय : तांदळाच्या वाफवलेल्या वड्या व श्राद्धाची ताटे करून देण्याचे दुकान, कालव्यापलीकडील तिसरी गल्ली. 'साक्षीदार' या रकान्यात बहुतेक लोक आडवी रेघ मारतात. तिने लिहिले होते : 'तुमच्याच कार्यालयाचा पिवळी फीत बांधलेला कर्मचारी दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याने सगळे पाहिले आणि ऐकले. त्याला विचारा.' पिवळी फीत बांधलेला तो कर्मचारी मी. आणि युन मालसुन माझी सख्खी थोरली बहीण. यातली दुसरी गोष्ट या इमारतीत कुणालाही ठाऊक नव्हती. गेली अठ्ठावीस वर्षे मी ती स्वतःशीसुद्धा उच्चारलेली नव्हती.

आमच्या कक्षाचे नाव मानवी हक्क व सौहार्द कक्ष. महापालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर, पाळीव कुत्र्यांची नोंदणी आणि सायकलतळांचे परवाने यांच्या मधोमध आम्ही बसतो. द्वेषाचे निर्मूलन हे आमचे काम. आमचे प्रमुख तोकोरो-सान दीड वर्षापूर्वीपर्यंत पाणीपुरवठ्यात होते आणि दर तीन वर्षांनी खाते बदलण्याच्या आमच्या रीतीप्रमाणे पुढच्या एप्रिलमध्ये बहुधा स्मशान विभागात जातील. गळती शोधण्यात हयात गेलेला हा सज्जन माणूस द्वेषाकडेही गळतीसारखाच पाहतो : कुठेतरी सांधा सुटला आहे, तोवर नागरिकांनी गैरसोयीबद्दल क्षमा करावी. दर शरदात आम्ही शाळांकडून घोषवाक्ये मागवतो. यंदा तीन हजार चारशे आली. मुलांना अशी वाक्ये लिहायला शिकवलेले असते की ती वाचून जगातल्या कुठल्याही माणसाची आठवण होऊ नये. पहिल्या आलेल्या वाक्याचा अर्थ साधारण असा : एक हसू दे, उद्या सर्वांचा. ते वाक्य आम्ही खिशात मावणाऱ्या टिश्यूच्या पाकिटांवर छापून घेतले, वीस हजार पाकिटे, आणि शेजारी आमचे बोधचिन्ह, नारिंगी रंगाचा हसरा हातमोजा. हा हातमोजा निवडायला समितीला आठ महिने लागले. बोटे वेगवेगळी दाखवावीत की एकत्र, यावर तीन बैठका झाल्या. त्या बैठकांचे इतिवृत्त मीच लिहिले. याच इमारतीच्या तळमजल्यावर, वयाच्या सोळाव्या वर्षी, याच जपानमध्ये, पण कोरियन आईबापांच्या पोटी जन्मलेल्या मला परदेशी नागरिक म्हणून डाव्या हाताची तर्जनी शाईत बुडवून गोल फिरवावी लागली होती. फिरवणाऱ्या कारकुनाचा हात ऊबदार होता आणि तो हवापाण्याबद्दल बोलत होता. इतिवृत्तात हे लिहिण्यासाठी रकाना नव्हता.

अर्जातला तो रविवार ऑक्टोबरचा होता. कोरियनांना देशाबाहेर काढा म्हणणारे मोर्चेवाले चाळीस, त्यांना विरोध करायला आलेले दीडशे, आणि दोघांच्या मध्ये दोनशे पोलीस, म्हणजे पोलीस वगळले तर कुणाचाच फारसा मोर्चा नव्हता. कक्षाकडून मी गेलो होतो, दंडावर 'निरीक्षण' लिहिलेली पिवळी फीत आणि खांद्याला पाकिटांची पिशवी. तोकोरो-सानांनी आदल्या दिवशी बजावले होते की वाटपात भेदभाव होता कामा नये. त्यामुळे मी मोर्चेवाल्यांनाही पाकिटे दिली. किंचित वाकून, दोन्ही हातांनी. 'झुरळे हाकला' असा फलक धरलेल्या एका तरुण बाईने फलक काखेत घेतला, पाकीट घेतले, आभार मानले आणि फलक पुन्हा वर केला. मला त्यात काहीच विसंगत वाटले नाही, हे मी इथे नोंदवून ठेवतो. उलट कामाची लय लागल्याचे एक बारीकसे समाधान होते. मग मोर्चा तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी थांबला. ती दुकानाच्या दारात उभी होती, पांढऱ्या ॲप्रनमध्ये, तिच्यामागे एक अकरा-बारा वर्षांची मुलगी. केस पांढरे झाले होते, बाकी ती तीच होती, वजन एका पायावर टाकून उभी राहणारी, जणू दुसरा पाय कुणाला तरी मारण्यासाठी राखून ठेवला आहे. मोर्च्याच्या पुढाऱ्याने भोंगा खाली घेतला. निवृत्त भूगोल-शिक्षकासारखा दिसणारा, फिकट जाकीट घातलेला माणूस. भोंग्यावर तो जे ओरडत होता ते आम्ही ध्वनिमुद्रित करतच होतो. ते जुने, घासून गुळगुळीत झालेले शब्द होते. पण भोंगा खाली घेऊन, दोन पावले पुढे येऊन, ज्या आवाजात आपण शेजाऱ्याला त्याच्या सायकलचा दिवा चालू राहिल्याचे सांगतो त्या आवाजात तो तिला म्हणाला : "तुमची पातेली आणि तुमचे मेलेले उचला आणि निघा. नाहीतर आम्ही दोन्ही समुद्रात ओतू." ती त्याच्याकडे पाहतच नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती. आणि मी पुढे झालो, वाकलो, कार्यालयीन आवाजात म्हणालो, "इथे धोका आहे, कृपया आत व्हा," आणि तिच्या हातात एक पाकीट दिले.

मला वाटत आले आहे की माणूस आपल्या माणसांना एका झटक्यात सोडत नाही. तो त्यांना रकान्यांमधून सोडतो. एकोणतिसाव्या वर्षी मी नागरिकत्व घेतले. लग्न करून बायकोचे आडनाव घेतले, आणि युन तेत्सुइल, जो शाळेत जपानी नावाने हिरानुमा तेत्सुओ होता, तो कुझुहारा तेत्सुओ झाला. कुटुंबाची नोंद दुसऱ्या गावी हलवली की नव्या पानावर नागरिकत्वाची जुनी ओळ उतरत नाही, हे आमच्यातल्या सगळ्यांना ठाऊक असते. ती ओळ गळून पडावी म्हणून मी नोंद दोनदा हलवली. बाबांच्या श्राद्धाला त्या वर्षी मी शेवटचा गेलो. चेस्टनट सोलण्याचे काम माझ्याकडे असे. कच्चे चेस्टनट पाण्यात भिजवून, सुरीने त्यांना कडा पाडत पाडत पांढरेशुभ्र करायचे, आणि सुरी घसरली तर रक्त पाण्यात धाग्यासारखे उतरायचे. सबंध घरात वाफ असायची, तांदळाच्या ओल्या पिठाची, तिळाच्या तेलाची, आणि त्या वाफेत सगळ्यांचे चेहरे एकसारखे ओले दिसत. मी तिला म्हणालो होतो, पुढच्या वर्षी जमणार नाही. ती म्हणाली होती, बरं, मग यंदाचे नीट सोल. इतकेच. त्यानंतर, फीत बांधून गेलो तो रविवार सोडला तर, मी कालव्याचा पूल ओलांडला नाही. टेकडीवरच्या माझ्या घरातून तो पूल दिसतो. हिवाळ्यात, झाडे उघडी पडली की, अधिकच स्पष्ट.

दुपारी तोकोरो-सान अर्ज हातात घेऊन माझ्या टेबलाशी आले. "कुझुहारा-सान, हा पिवळ्या फितीवाला म्हणजे तुम्हीच ना?"

"मीच."

"नशीब म्हणायचं. नाहीतर या बाईंचा अर्ज 'पडताळणी होऊ शकली नाही' यात गेला असता. आपल्या चित्रीकरणात तर नुसते बूट आहेत. चेहरे घ्यायचे नाहीत असा नियम ना आपला."

"आवाज असेल."

"आहे की. पोलिसांच्या भोंग्याचा. 'कृपया डाव्या बाजूने चला.' अगदी स्वच्छ आलाय." त्यांनी एक छापील कागद माझ्यापुढे ठेवला. "तुमचा जबाब लिहा. आणि हा शेवटचा रकाना विसरू नका, अर्जदाराशी संबंध. अर्ज तपासणाऱ्या समितीतले वकील आधी तिथेच बघतात. नातं निघालं की जबाब बाद. घरच्या माणसाला काय, वाटेल ते ऐकू येतं."

"त्यांच्या घरचं कुणी होतं का तिथे?"

"नात होती म्हणतात. पण ती लहान, आणि घरचीच. म्हणून तर तुम्ही." ते हसले, खरोखरच आपुलकीने. "तटस्थ साक्षीदार असा हवा. तुमचा चेहराच तसा आहे बघा, कुणाच्याच बाजूचा नसलेला. मला पाणीपुरवठ्यात असताना असा माणूस मिळाला असता तर मीटरच्या तक्रारी निम्म्या झाल्या असत्या."

मी कागद खणात ठेवला. कामाचे चार दिवस तो तिथे होता. तिथे तो काहीच करत नव्हता, तरी खण उघडताना मी अंग चोरत असे. या चार दिवसांत मी घोषवाक्य स्पर्धेच्या बक्षीस समारंभाची आसनव्यवस्था केली, हातमोज्याच्या पोशाखात शिरणाऱ्या शिकाऊ कर्मचाऱ्याला पाणी प्यायला कधी सोडायचे याचे वेळापत्रक केले, आणि प्रत्येक वेळी माझ्या मनात एकच हिशेबी, स्वच्छ, तिरस्करणीय विचार येत राहिला : तिने अर्ज मागे घेतला तर?

शनिवारी दुपारी मी पूल ओलांडला. दुकानाचे दार अर्धवट उघडे होते. ती खाली बसून चेस्टनट सोलत होती आणि तिने मान वर न करता म्हटले, "आत ये नाहीतर दार लाव. वाफ जाते."

मी आत गेलो. "नुना," मी म्हणालो. आमच्यात धाकटा भाऊ थोरल्या बहिणीला असे म्हणतो. इतक्या वर्षांनी तो शब्द तोंडात घेताना तो परक्या दातांवर आपटल्यासारखा वाटला.

"अरे वा. आठवतो की. मला वाटलं नागरिकत्व देताना तेवढा जमा करून घेतात."

"तुझा अर्ज माझ्याकडे आलाय."

"कळलं ते. नाहीतर तू कशाला येतोस, वड्या घ्यायला?"

"मागे घेता येईल तो. अजून समितीपुढे गेलेला नाही."

तिने सुरी थांबवली. "का? अक्षर वाईट आहे?"

"मला साक्ष द्यावी लागेल."

"मग दे. कान शाबूत आहेत ना?"

"त्यात नातं लिहायचं असतं, नुना. भाऊ लिहिलं तर साक्षच बाद होते. तुझा अर्ज पडतो. आणि नाही लिहिलं, तर..."

"तर काय, खोटं होतं?" ती पहिल्यांदा हसली. तिचा एक दात गेला होता. "अठ्ठावीस वर्षं फुकट लिहीत होतास. आता एकदा माझ्या कामासाठी लिही."

मी उभाच होतो. तिने बस म्हटले नाही, मीही बसलो नाही. भिंतीशी मुलीचे दप्तर टांगलेले होते, त्यावरची नावाची पट्टी फाडून काढलेली. तिने माझी नजर कुठे आहे ते पाहिले.

"मिरे. माझ्या लेकीची," ती म्हणाली. "त्या रविवारनंतर शाळेत मागच्या दाराने जाते. बुटांच्या खणावरचं नाव तिने नखांनी खरवडून काढलं, बोटाला लागलं. मला म्हणते, हाल्मोनी, आपलं ते जपानी नाव आहे ना, तेच लिहूया. मी म्हटलं, तो माणूस चुकीचं बोलला. तर म्हणते, कोण म्हणतं? मी म्हटलं, मी म्हणते. तर म्हणते, तू तर म्हणणारच." तिने सोललेले चेस्टनट पाण्यात टाकले. "तेव्हा मला कागद पाहिजे. महापौराच्या शिक्क्याचा. की अमुक माणूस अमुक बोलला आणि ते चूक होतं. तिच्या हातात देणार आहे. दुसरं काही नको मला तुमच्याकडून."

"त्या कागदाने काय होणार? मी तिथेच काम करतो. तो कसा तयार होतो ते मला माहीत आहे."

"तू नको शिकवू. बोटाचा ठसा द्यायचा नाही म्हणून मी अडून बसले तेव्हाही तू हेच म्हणालास. काय होणार, काय होणार. सात-आठ वर्षांनी बंद झाला की नाही ठसा? तोवर तू देऊन मोकळा." मग बराच वेळ ती सोलत राहिली आणि मी पाहत राहिलो, ती कडा कशा पाडते ते. निघताना ती म्हणाली, "खाल्लंयस का काही?" मी हो म्हणालो. ते खोटे होते आणि तिला ते कळले, पण तिने आग्रह केला नाही. आग्रह करण्याइतके नाते उरले नसावे.

पुलावर थांबून मी माझ्या स्थितीकडे पाहिले आणि मला हसू आले, एकट्याला येते तसे कुरूप. आयुष्यात कधी काळी माझ्या अंगात धैर्य उगवले असते, आणि मी त्या रकान्यात 'धाकटा भाऊ' असे लिहिले असते, तर या व्यवस्थेने ते धैर्य तिच्याविरुद्ध वापरले असते. तिचा भाऊ होणे म्हणजे तिला हरवणे. मी नियम घडवणाऱ्यांना दोष देऊ पाहत होतो, पण त्यांच्या निर्मळ, नीटस, कुणाचेही वाईट न चिंतणाऱ्या मूर्खपणात मला माझाच चेहरा दिसत होता. नाहीतरी मी तिथे इतकी वर्षे टिकलो कसा? द्वेष करणाऱ्यांचा मला कधी फारसा राग आला नाही. ते निदान आम्हाला ओळखतात. ज्यांच्यापुढे मी रोज वाकतो ती माणसे वेगळी : त्यांना कुणी नकोसे नाही, कारण त्यांना कुणी दिसतच नाही. त्यांच्यात मी आश्रय घेतला होता. न दिसण्यासाठी याहून चांगली जागा नाही.

सोमवारी मी जबाब लिहिला. त्या माणसाचे वाक्य जसेच्या तसे, पूर्णविरामासह. शेवटच्या रकान्याशी हात अडखळेल असे वाटले होते. अडखळला नाही. 'नाही' हा शब्द त्याने सहज, सुबक लिहिला, रोजच्या कामासारखा, आणि मी शेजारी, सहीऐवजी, कुझुहारा नावाचा शिक्का उमटवला.

समिती पाच जणांची. इतिवृत्त लिहायला मीच होतो. पहिली चाळीस मिनिटे 'पातेली' या शब्दावर गेली : हा समूहाचा अवमान की एका व्यवसायावरची टीका? राज्यघटनेच्या प्राध्यापकांना व्यवसायावरची टीका संरक्षित वाटत होती. निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या की त्यांनाही घरची पातेली फार प्रिय आहेत, तेव्हा त्या समजू शकतात. मग समुद्राकडे वळले. समुद्रात ओतणे ही धमकी की अलंकार? वकिलांनी विचारले, तिथून समुद्र किती लांब आहे. नकाशा मागवण्यात आला. नऊशे मीटर. हे अंतर धमकीस पुरेसे जवळ असल्याचे बहुमताने ठरले. 'मेलेले' या शब्दावर कुणी काही बोलले नाही. घड्याळाकडे मात्र पाहिले. साक्षीदार तटस्थ असल्याची नोंद समाधानाने घेण्यात आली, आणि प्राध्यापकांनी माझ्याकडे पाहून मान तुकवली. मीही तुकवली. वाक्य अमानुष असल्याचे मान्य झाले. मी ते इतिवृत्तात लिहिले, आणि लिहिताना माझ्या छातीत काहीतरी हलले ते मी आनंद समजलो.

जानेवारीच्या अखेरीस ती निर्णयाची प्रत न्यायला आली. टपालाने पाठवता आली असती; तिने स्वतः येईन असे कळवले होते. काळा चांगला कोट, केस नीट विंचरलेले, आणि टेबलापुढच्या खुर्चीत न बसता ती उभी राहिली. तोकोरो-सानांनी दोन्ही हातांनी लिफाफा दिला आणि झालेल्या मनस्तापाबद्दल, नळ दुरुस्त झाल्यावर म्हणतात तसे, दोन शब्द म्हटले. मी तीन पावलांवर, माझ्या जागी, संगणकाच्या पडद्यामागे. तिने चष्मा लावला. महापौराचा चौकोनी लाल शिक्का होता. तिने त्यावरून अंगठा फिरवला. मग वाचू लागली, आणि थांबली.

"ही काय भोकं पाडलीत?"

तोकोरो-सान पुढे झुकले. "ते होय. मूळ उद्गारांच्या जागी आम्ही वर्तुळं छापतो. प्रत्येक अक्षराला एक. ते शब्द पुन्हा पसरू नयेत, आणि संबंधितांच्या भावनांना धक्का लागू नये, म्हणून."

"संबंधित कोण?"

"म्हणजे... आपणच."

"माझ्या भावना मी बघते हो. माझी नात विचारेल, तो काय बोलला म्हणून हा कागद दिला? मी काय सांगू, वर्तुळं बोलला?" तिने कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर बोट ठेवले. "इथे लिहिलंय, 'सदर इसमाने वर्तुळ वर्तुळ वर्तुळ असे म्हटल्याचे आढळले, ते अनुचित आहे.' हे वाचून पोरीला वाटेल, गोल म्हणणं अनुचित आहे."

कुत्र्यांच्या नोंदणीकडचे कुणीतरी हसले आणि गप्प झाले. तोकोरो-सान खरोखर दुःखी झाले होते. त्यांचा नमुनाच तसा होता, त्याला ते तरी काय करणार. त्यांनी मदतीसाठी माझ्याकडे पाहिले. ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती कागदाकडे पाहत होती, त्या पोकळ ओळीकडे, जी मिळवण्यासाठी मी तिला नाकारले होते.

मी उठलो. तिच्यासमोर आलो, कागद माझ्याकडे वळवला आणि पेन काढले.

"कुझुहारा-सान," तोकोरो-सान हळूच म्हणाले, "ती मूळ प्रत आहे."

मी पहिल्या वर्तुळात पहिले अक्षर लिहिले. मग दुसरे. वर्तुळे लहान होती आणि शब्द त्यांत बसत नव्हते, कडांवरून बाहेर येत होते. तुमची. पातेली. मी सावकाश लिहीत होतो आणि माझ्याही नकळत लिहितो ते उच्चारत होतो, आधी पुटपुटत, मग साध्या आवाजात, तो माणूस बोलला होता त्याच, शेजाऱ्याच्या आवाजात. तुमचे. मेलेले. त्या मजल्यावर कुणी छापत नव्हते, कुणी फोन घेत नव्हते. समुद्रात हा शब्द झाला, ओतू झाला. ओळ भरली. तिने मान हलवली, एकदाच, हिशेब जुळल्यावर हलवतात तशी.

मग मी पान उलटले. मागे माझ्या जबाबाची प्रत जोडलेली होती, आणि खाली तो रकाना. आमच्या कार्यालयात चुकलेल्या शब्दावर दोन रेघा ओढून शेजारी आपला शिक्का मारला की दुरुस्ती होते. शिक्का माझ्या खिशात होता. ही दुरुस्ती झाली की निर्णय उरणार नाही, हे मला ठाऊक होते आणि तिलाही. तरी मी पहिली रेघ ओढण्यासाठी पेन 'नाही' या शब्दावर टेकवले.

तिने तळहात त्या रकान्यावर ठेवला. चेस्टनटच्या सालीने काळपट झालेली बोटे, कडेला जुने वळ.

"ते राहू दे," ती म्हणाली. "एवढं एक बरोबर लिहिलंय."